प्रभुभोजन कोणाच्या हातून?

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून एक पुस्तिका लिहिली. तीत त्याने एक प्रसंग कल्पिला आहे. काही साधे ख्रिस्ती लोक कैद होऊन एखाद्या ओसाड मुलुखात जाऊन पडले. त्यांच्यात बिशपने दीक्षा दिलेला एकही पाद्री नाही. तेव्हा त्यांनी एकमताने आपल्यातलाच एक जण निवडला आणि बाप्तिस्मा देणे, प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाची भाकर आणि प्याला देणे, पापांची क्षमा जाहीर करणे, उपदेश करणे ही कामे त्याच्याकडे सोपवली. ल्यूथरचे म्हणणे असे, की जगातल्या सगळ्या बिशपांनी आणि पोपांनी मिळून दीक्षा द्यावी, तितकाच हा माणूस खरा पाळक.

हे लिहिणारा स्वतः १५०७ साली रीतसर दीक्षा घेतलेला पाद्री होता. दीक्षेने माणसाच्या आत्म्यावर कधीही न पुसली जाणारी मुद्रा उमटते, एकदा पाद्री झालेला माणूस कायमचा वेगळ्या वर्गातला होतो, याच शिकवणीत तो वाढला होता. तीच त्याने मोडीत काढली. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आलेला प्रत्येक जण याजकच आहे. फरक असलाच तर कामाचा. पदावर आहे तोवर पाळकाचा मान, पदावरून काढला की तो इतरांसारखाच शेतकरी नाहीतर गावकरी.

म्हणजे ज्याला वाटेल त्याने उठून उपदेश करावा असे मात्र नाही. २५ जून १५३० रोजी ऑग्सबुर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर ल्यूथरपंथीयांनी आपला विश्वासनामा वाचून दाखवला. त्याचे १४वे कलम एका वाक्याचे आहे : रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणीही मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या समुदायात, जाहीरपणे शिकवू नये, उपदेश करू नये, संस्कार देऊ नयेत. कारण सरळ आहे. जे सगळ्यांचे आहे ते सगळ्यांच्या संमतीशिवाय एकट्याने उचलू नये. न बोलावता गावोगाव फिरून कोनाड्यात उपदेश करणाऱ्यांवर ल्यूथरने १५३२ साली आणखी एक पुस्तिका लिहिली आणि त्यांना अजिबात सोडले नाही. आपल्याकडे एखादी खोली भाड्याने घेऊन दारावर ‘पास्टर’ अशी पाटी लावणारे आणि दोन वर्षांनी त्याच पाटीवर ‘प्रेषित’ रंगवणारे काही कमी नाहीत. त्यांच्या भक्तांनी ती पुस्तिका वाचायला हरकत नाही.

तर ल्यूथरन विचारात पाळकपण कोणाच्या रक्तात नसते, आत्म्यावर कोरलेले नसते आणि आपले आपण घेताही येत नाही. ते मंडळीच्या पाचारणातून मिळते. डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून दिली जाणारी दीक्षा म्हणजे त्या पाचारणाचे सर्वांसमक्ष केलेले शिक्कामोर्तब. मे १५२५ मध्ये ग्योर्ग रोएररला ल्यूथरने विटेनबर्गमध्ये अशी दीक्षा दिली, तिथे कोणी बिशप नव्हता. १५३५ पासून विटेनबर्गला उमेदवाराची आधी परीक्षा होऊ लागली : शास्त्र येते का, वागणूक कशी आहे, कोणत्या गावाने बोलावले आहे. डेन्मार्कमध्ये तर १५३७ साली ल्यूथरच्या सहकाऱ्याने, स्वतः बिशप नसलेल्या बुगेनहागेनने, सात जणांवर हात ठेवून त्यांना बिशपांच्या जागी नेमले. स्वीडनमध्ये बिशपांची जुनी साखळी अखंड राहिली. तरी डॅनिश पाळक कमअस्सल आणि स्वीडिश अस्सल असे या पंथाने कधी मानले नाही.

या विचाराची परीक्षा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत झाली आणि तो तिथे टिकला. सॅक्सनीतले सहाशेहून अधिक ल्यूथरन १८३८-३९ मध्ये मार्टिन स्टेफान या पाळकाच्या मागे मिसूरीत येऊन वसले. वाटेत जहाजावरच त्यांनी त्याला बिशप केले, त्याच्या आज्ञेत राहण्याच्या कागदावर सह्या केल्या. मे १८३९ मध्ये त्याच्यावर बायकांशी गैरवर्तनाचे आणि पैशांच्या अफरातफरीचे आरोप आले. लोकांनी त्याला पदावरून काढले आणि होडीत बसवून मिसिसिपीपलीकडे सोडून दिले. राग ओसरल्यावर खरी धडकी भरली. बिशप गेला. बरोबरचे पाळक मायदेशातल्या आपापल्या मंडळ्या सोडून आलेले. मग आता आपण मंडळी आहोत का? यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा का? परत जर्मनीला जावे का? एप्रिल १८४१ मध्ये ऑल्टेनबर्ग या खेड्यात यावर जाहीर वाद झाला. कार्ल वाल्थर नावाच्या तरुण पाळकाने ठामपणे सांगितले, की इथे बाप्तिस्मा झालेले लोक आहेत, वचन आहे, म्हणजे मंडळी आहे. आणि मंडळी आहे म्हणजे पाळक बोलावण्याचा हक्कही आहे. ल्यूथरच्या पुस्तिकेतला ओसाड मुलूख तीनशे वर्षांनी खरोखरच सापडला होता. आपल्याकडे छोटा नागपूरमध्येही असेच झाले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने गोस्नर मिशनच्या जर्मन पाद्र्यांना देशाबाहेर काढले, आणि मागे राहिलेल्या आदिवासी ख्रिस्तींनी १० जुलै १९१९ रोजी आपले चर्च स्वायत्त असल्याचे जाहीर केले.

इथवर कोणालाही हा विचार आवडेल. मलाही आवडतो. पण पाचारणाचा हक्क मंडळीच्या हाती दिला, की नकाराचाही हक्क तिच्याच हाती जातो. आणि मंडळी म्हणजे काही स्वर्गातून उतरलेली माणसे नव्हेत. ती आपला गाव, आपली जात, आपली भीती बरोबर घेऊनच देवळात येते.

त्यासाठी तरंगमबाडीला जावे लागेल. कावेरीच्या मुखाजवळचे हे डॅनिश ठाणे, जुने नाव ट्रँकेबार. ९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युट्शाउ हे दोन तरुण जर्मन पाळक डेन्मार्कच्या राजाच्या वतीने तिथे उतरले. झिगेनबाल्गने तमिळमध्ये नवा करार छापला. २८ डिसेंबर १७३३ रोजी तिथेच आरोन या तमिळ उपदेशकाला दीक्षा मिळाली आणि तो भारतातला पहिला एतद्देशीय प्रॉटेस्टंट पाळक ठरला. आरोन वेळ्ळाळ या वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीचा.

त्याच काळात राजनायकन नावाचा दुसरा एक उपदेशक होता. जन्माने परैयर, म्हणजे तमिळ मुलुखात अस्पृश्य मानलेल्या जातीचा, घर रोमन कॅथलिक. तंजावरला तेव्हा मराठ्यांचे राज्य होते आणि हा भोसल्यांच्या फौजेत चाकरीला होता. तमिळ शुभवर्तमान त्याच्या हाती पडले, ते वाचून तो तरंगमबाडीच्या मिशनकडे आला. तंजावरच्या मुलुखात गोऱ्या पाद्र्यांना मोकळेपणी फिरता येत नसे. तिथे मंडळ्या उभ्या करणे, लोकांना शिकवून बाप्तिस्म्यासाठी तयार करणे, कॅथलिक शेजाऱ्यांचा विरोध अंगावर घेणे, हे सगळे राजनायकनने केले. म्हणजे पाळकाचे जवळजवळ सगळे काम तो करतच होता. १७४१ साली दुसरा तमिळ पाळक नेमायची वेळ आली. दीक्षा मिळाली दिओगो या उपदेशकाला. राजनायकनला वगळले. त्याच्या श्रद्धेबद्दल किंवा ज्ञानाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. वरच्या जातींतले ख्रिस्ती परैयराच्या हातून प्रभुभोजन घ्यायला कचरतील, त्या संस्काराचाच मान त्यांच्या मनातून उतरेल, ही मिशनऱ्यांची भीती. राजनायकन १७७१ साली वारला, तोवर तो उपदेशकच राहिला.

प्रभुभोजनात नेमके काय घडते ते डोळ्यांपुढे आणावे. पाळक भाकरीचा तुकडा उचलतो आणि समोर गुडघे टेकलेल्या माणसाला देतो. मग एकच प्याला एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर जातो. मराठी वाचकाला यापुढे समजावून सांगायला नको. आपल्याकडे पाणी कसे वरून ओंजळीत ओतले जाई आणि कोणाच्या हातचे चालत नसे, हे आपल्याला माहीत आहे. तरंगमबाडीत प्रश्न त्याच हाताचा होता. फक्त तो पाणवठ्यावरून वेदीपाशी आला होता.

या मिशनऱ्यांना खलनायक ठरवायचे कारण नाही. आपल्याला स्वतःला आक्षेप नाही, पण लोक स्वीकारणार नाहीत, अशी त्यांची प्रामाणिक अडचण होती. मला हीच अडचण खोडून काढायची आहे. कारण ती जातीवर बोट ठेवते आणि दोष मात्र ‘लोकां’च्या पदरात टाकून मोकळी होते.

ऑग्सबुर्गच्या त्याच विश्वासनाम्यात १४व्याच्या आधी आठवे कलम आहे. पाळक दुष्ट असला तरी त्याच्या हातून मिळालेला संस्कार निष्फळ होत नाही, असे ते सांगते. ही जुनी भूमिका आहे. चौथ्या शतकात आफ्रिकेतल्या दोनातुसच्या अनुयायांनी छळाच्या वेळी कच खाल्लेल्या बिशपांचे संस्कार अशुद्ध ठरवले होते, त्यांना हे उत्तर होते. भाकर देणारा कसाही असो, देणारा ख्रिस्त आहे. आता विचार करा. ज्या शिकवणीनुसार चोराच्या, व्यभिचाऱ्याच्या हातूनही प्रभुभोजन बाटत नाही, ती शिकवण मानणाऱ्याला ते परैयराच्या हातून बाटेल असे क्षणभर तरी कसे वाटावे? पाप आड येत नाही आणि जन्म मात्र आड येतो? वरच्या जातीच्या त्या ख्रिस्तींना कोणी हळव्या मनाचे म्हणेल. माझ्या मते ते आपलाच विश्वासनामा नाकारत होते, आणि त्यांना तसे तोंडावर सांगणे हेच पाळकांचे काम होते.

शिवाय या पंथाला सुईणीचा बाप्तिस्मा मान्य आहे. मूल जन्मताच दगावेल असे दिसले आणि पाळकाला बोलवायला वेळ नसला, तर सुईणीने पाणी घेऊन पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा. मूल जगले तर पाळक तो पुन्हा देत नाही. बाळंतिणीच्या खोलीतला तो रक्ताने माखलेला, बाईचा, बहुधा निरक्षर हात बाप्तिस्म्याला चालला. तर मग हाताच्या पात्रतेचा प्रश्न तिथेच संपला होता. उरला प्रश्न फक्त सुव्यवस्थेचा : कोणाला रीतसर बोलावले आहे?

‘लोक स्वीकारणार नाहीत’ हे वाक्य तरंगमबाडीतच राहिले असते तर तो वसाहतकाळातला एक खेदजनक प्रसंग म्हणून सोडून देता आला असता. पण ते पुन्हापुन्हा येते. नॉर्वेत १९३८ साली कायदा झाला आणि स्त्रियांना पाळकपद खुले झाले. मात्र जी मंडळी तत्त्व म्हणून विरोध करील तिथे स्त्रीला नेमू नये, अशी पाचर त्याला मारलेली होती. ती १९५६ साली काढली. पहिली स्त्री पाळक, इंग्रिड ब्येर्कोस, १९६१ साली झाली, आणि तेव्हाही देशातल्या नऊपैकी सहा बिशपांनी जाहीर विरोध केला.

सगळ्यांत भयंकर रूप १९३३ सालच्या जर्मनीतले. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या सिनॉडने, म्हणजे धर्मसभेने, ज्यू वंशाच्या पाळकांना पदावरून दूर करण्याचा ठराव केला. देशभर मिळून असे पाळक फार थोडे. मारबुर्ग विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाने निर्वाळा दिला, की हे शुभवर्तमानाशी विसंगत आहे. एरलांगेन हा तर ल्यूथरन विद्वत्तेचा बालेकिल्ला. तिथल्या पाउल आल्टहाउस आणि वेर्नर एलर्ट या दोन नामवंत प्राध्यापकांनी वेगळा अभिप्राय दिला. ज्यू वंशाचे ख्रिस्ती हे चर्चचे पूर्ण सभासद आहेत, त्यांच्या बाप्तिस्म्यात काही उणे नाही. पण पाळक आपल्या लोकांशी एकजीव असावा लागतो आणि आजच्या परिस्थितीत जर्मन जनता अशा पाळकांना स्वीकारणार नाही, म्हणून चर्चने त्यांना पदापासून दूर ठेवावे. तरंगमबाडीचा युक्तिवाद आणि हा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहा. जात काढून तिथे वंश घातला, इतकेच. विद्वत्तेने भाषा गुळगुळीत झाली आहे आणि आतला माणूस तोच बाहेर उभा आहे.

यावर एक वजनदार उत्तर आहे. ते टाळणे बरे नव्हे. धीर धरा, दुर्बळ विवेकाच्या माणसाला सांभाळून घ्या, असे प्रेषित पौलच बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात सांगतो. आणि १५२२ साली विटेनबर्गमध्ये लोकांनी सुधारणांची घाई केली तेव्हा ल्यूथरनेही लागोपाठ आठ दिवस उपदेश करून त्यांना हेच बजावले. मिशनऱ्यांनी धीरच धरला, असे म्हणता येईल. पण पौलाचा दुसरा प्रसंगही आहे, गलतीकरांच्या पत्रातला. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंक्तीला जेवत होता. यहूदी कर्मठ आले तसा तो पंक्तीतून उठला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोषी ठरवले. काय खावे याबद्दल पौल सवलत देतो. कोणाबरोबर बसावे याबद्दल देत नाही. आणि धीराला मुदत असते. ज्या धीराला शंभर वर्षांनीही तारीख पडत नाही त्याला आपण सरकारी कचेरीत काय म्हणतो, ते म्हणावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरही तमिळ मुलुखातल्या लाइपझिग मिशनचे प्रमुख कार्ल ग्राउल जात ही सामाजिक चालीरीत आहे, तिला हळूहळू जाऊ द्यावे, असेच म्हणत होते, आणि ते न पटलेल्या ओक्स या मिशनऱ्याला मिशन सोडून जावे लागले.

स्त्रियांच्या दीक्षेला विरोध करणाऱ्या सगळ्यांना मी याच मापाने मोजत नाही. लात्वियाच्या ल्यूथरन चर्चने २०१६ साली नियम बदलून दीक्षा फक्त पुरुषांपुरती ठेवली, ती पौलाच्या वचनांचा आधार घेऊन. वाल्थरच्या परंपरेतल्या मिसूरी सिनॉड या अमेरिकन ल्यूथरन चर्चचीही भूमिका तीच. आणि ल्यूथरही १५३९ साली पाळकपद स्त्रियांना नाही असेच लिहून गेला आहे. हा वाद शास्त्रवचनांच्या अर्थाचा आहे, तो तिथेच लढला पाहिजे. मला स्वतःला ती वचने त्या त्या मंडळीतल्या सुव्यवस्थेसाठी दिलेली वाटतात, पाळकपदाच्या व्याख्येसाठी नव्हे. पण निदान इथे माणूस आपल्या आक्षेपाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतो. ‘आमची हरकत नाही हो, पण लोक...’ असे म्हणत नाही.

पाळकपदाचा उगम कुठे, यावर ल्यूथरनांत जुने भांडण आहे. वाल्थरच्या बाजूचे म्हणतात, मंडळी आपला हक्क एकाकडे सोपवते. बव्हेरियातला विल्हेल्म ल्योहे आणि त्याच्या वळणाचे लोक म्हणतात, हे पद ख्रिस्ताने थेट स्थापले, मंडळी फक्त माणूस दाखवते. या भांडणात मी पडत नाही, कारण कोणतीही बाजू घेतली तरी राजनायकनचे काही बिघडत नाही. पद ख्रिस्ताचे असेल तर मंडळीच्या जातीचा तिथे संबंध नाही. पद मंडळीचे असेल तर बाप्तिस्मा झालेला परैयरही त्या मंडळीचा तितकाच मालक आहे. ज्याचा वाटा आहे त्यालाच दारात थांबवून ‘लोक नको म्हणतात’ सांगणे म्हणजे त्याला लोकांतून वगळणे.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रश्न एका दुसऱ्याच दाराने भेटला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात पुरोहितपणाबद्दल रोखठोक सूचना केली : तो बंद करावा हे उत्तम, ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरागत राहू नये, परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण होईल त्या कोणालाही सनद द्यावी, आणि सनदेशिवाय पौरोहित्य करणे गुन्हा ठरवावा. परीक्षा, नेमणूक, जन्माचा संबंध नाही, स्वयंघोषितांना मज्जाव. विटेनबर्गच्या १५३५ च्या पद्धतीशी याचे किती जुळते ते पाहण्यासारखे आहे. फरक एकच मोठा. बाबासाहेबांनी सनद सरकारच्या हाती दिली, मंडळीच्या नव्हे. त्यांना आपला समाज माहीत होता. लोकांच्या पसंतीवर सोडले असते तर काय झाले असते, हे सांगायला तरंगमबाडीचे उदाहरण पुरे आहे. सरकारच्या कलाने चालणारे चर्च काय करते हे १९३३ ने दाखवले, म्हणून मी सनदेचा अधिकार मंडळीकडेच ठेवीन. पण बाबासाहेबांचा अविश्वास जवळ बाळगून.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारताच्या चर्चची, म्हणजे सीएनआयची स्थापना झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट आणि नगरकडच्या काँग्रेगेशनल परंपरेतल्या मंडळ्याही त्यात आल्या. ल्यूथरन बाहेर राहिले. त्या दिवशी वेगवेगळ्या चर्चच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. आधीची दीक्षा अपुरी होती असे कोणी म्हणाले नाही, पण विधीने शंकेला जागा ठेवली. १९४७ साली दक्षिण भारताच्या चर्चने असे काही न करता सगळ्यांचे पाळक आहेत तसे स्वीकारले होते, आणि ल्यूथरन नजरेने पाहता तेच अधिक सरळ. ते असो. डोक्यावर कोणाचे हात पडले, बिशपांची साखळी कुठून आली, यावर या देशातल्या चर्चनेत्यांनी अनेक वर्षे बैठका घेतल्या. ज्या हातातून भाकर घ्यायची त्या हाताची जात पाहणाऱ्यांवर मात्र त्या मानाने फार थोडी शाई खर्च झाली.

मिशनच्या काळातली महार आणि मांग ख्रिस्तींमधली तेढ मराठी मंडळ्यांनी पाहिली आहे, आणि पाळक कोणत्या घरचा ही कुजबुज अजून बंद झालेली नाही. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत ती ‘आपल्या लोकांत मिसळेल का?’ अशा सोज्वळ शब्दांत येते. तेव्हा माझी सूचना साधी आहे. उमेदवाराच्या शिकवणीवर आक्षेप असेल तर वचन दाखवून घ्यावा, वागणुकीवर असेल तर पुरावा द्यावा, उपदेश कंटाळवाणा असेल तर तसेही खुशाल म्हणावे. बोलावण्याचा आणि नाकारण्याचा, दोन्ही हक्क मंडळीचे आहेत. पण ‘लोक स्वीकारणार नाहीत’ असे जो म्हणेल, त्याला अध्यक्षांनी तिथल्या तिथे विचारावे : लोक म्हणजे कोण? नावे सांगा, आणि त्यात तुमचे आहे का तेही सांगा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. येत्या रविवारी त्याच उमेदवाराला प्रभुभोजनाला मदतीस उभे करावे.